मांडवगडची ओसाडी कुणी पाहिली?

धारहून मांडवगडाकडे जाणारा रस्ता नालछ्यावरून जातो. आजचा प्रवासी तिथे फार तर चहापुरता थांबतो. जुन्या प्रवाशांना मात्र नालछ्याचा मुक्काम टळत नसे, कारण पुढे काकडा खोह ही खोल दरी आणि तिच्यापलीकडे गड. मांडवगड पाहून गेलेल्या पहिल्या पाहुण्यांनी, विशेषतः युरोपीय पाहुण्यांनी, जे लिहून ठेवले त्यातून एक चित्र घट्ट झाले: माळव्याच्या सुलतानांची राजधानी उजाड झाली, रानाने ती गिळली, महालांत वाघ नांदू लागले. गेली दोनशे वर्षे प्रवासवर्णनांतून आणि माहितीपुस्तिकांतून हेच चित्र फिरते आहे. त्यात खोटे असे फारसे नाही. चूक आहे ती काळाची. एकेका पाहुण्याने एकेका वर्षी, एकेका महिन्यात जे पाहिले, ते पुढच्यांनी गडाचे कायमचे रूप मानले. ही वर्णने गडावर उभे राहून न वाचता नालछ्याच्या बाजूने वाचली, म्हणजे कोण कधी आला, कशासाठी आला आणि त्याला पाणी कुठून मिळाले हे विचारत वाचली, तर त्यांचा अर्थ बराच बदलतो.

सुरुवात १६१७ पासून करावी लागते, कारण त्या एका वर्षाचे दोन साक्षीदार आहेत. जहांगीर मार्चमध्ये गडावर आला आणि ऑक्टोबरपर्यंत राहिला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो त्याच्या मागोमाग आला, आणि रोबरोबर त्याचा पाद्री एडवर्ड टेरी होता. रोला उतरायला जागा मिळाली ती बादशहाच्या मुक्कामापासून दूर, एका भिंतबंद आवारात. आत मशीद आणि कबर, आसपास पडकी घरे. त्याची मोठी तक्रार आहे पाण्याची. जे झरे होते त्यांवर बड्या सरदारांचे पहारे, आणि वकिलाला एका खानाच्या मेहेरबानीवर रोजची चार ओझी पाणी मिळवावे लागले. रात्री एक सिंह आणि एक लांडगा आवारात येत आणि उंच भिंतीवरून शेळ्यामेंढ्या उचलून नेत. एका रात्री गलका ऐकून रो बाहेर धावला, तर त्या जनावराने त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा लाडका लहानसा कुत्राच पळवला. सिंह मारायचा तर बादशहाची परवानगी हवी होती. ती मागावी लागली आणि मिळाली. शेवटी नोकरांच्या हाती लागला तो लांडगा, आणि तोही बादशहाकडे पाठवण्यात आला. सिंह त्या काळी माळव्यात होते, त्यामुळे या हकिकतीवर अविश्वास ठेवायचे कारण नाही.

आता त्याच वर्षीची जहांगीरची आठवण पाहा. अब्दुल करीम मामुरी याला त्याने आधीच पुढे पाठवून सुलतानांच्या जुन्या इमारती दुरुस्त करवल्या, नव्या बांधवल्या, आणि त्यावर तीन लाख रुपये खर्च झाला. पावसाळ्यातल्या मांडवगडाइतकी रम्य हवा दुसरीकडे कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही, असे तो लिहितो. रात्री पांघरूण लागते, दिवसा पंख्याची गरज पडत नाही. तलावाकाठी दिव्यांची आरास होते. नूरजहान हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ मारते. रो आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि त्याच्याजवळ स्वतःचे पाणी नव्हते. जहांगीरने गौरव केला तो पावसाळ्याचा, आणि पाणी त्याच्या मालकीचे होते. गड तोच, वर्षही तेच.

यावर एक आक्षेप सहज येतो. ऋतू बाजूला ठेवला तरी भिंत ओलांडून सिंह येतो, ते शहर ओसाडच म्हणायला नको का? पडकी घरे तर टेरीलाही दिसली होती. मांडवगडाचे वैभव १६१७ च्या आधीच ओसरले होते हे मान्यच करायला हवे. पण जनावरांची साक्ष काढायची तर जरा जपून काढावी. बादशहा, त्याचा जनाना, सरदार आणि हजारोंचा लवाजमा गडावर असतानाच हा सिंह शेळ्या नेत होता. म्हणजे जनावरांच्या वावरावरून माणसांची गैरहजेरी सिद्ध होत नाही. उलट शिकारीला परवानगी लागत होती, यावरून हे रान राजाच्या मालकीचे, राखलेले होते असेच दिसते. आजच्या राष्ट्रीय उद्यानात आणि त्या रानात अनेक फरक आहेत, पण जनावर कुणाचे आणि त्याला मारायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

दुसरे गाजलेले चित्र थेट नालछ्याचे आहे. १८१८ मध्ये माळव्याची व्यवस्था हाती घेतलेल्या सर जॉन माल्कमने नालछ्याच्या एका जुन्या महालाची डागडुजी करून तिथे उन्हाळी बिऱ्हाड केले. त्या महालाच्या एका खोलीतून वाघीण आणि तिचे बछडे हुसकावावे लागले, ही कथा पुढे बऱ्याच लेखकांनी सांगितली. पुढे १८२९ मध्ये छापलेल्या, फारसी इतिहासकार फिरिश्त्याच्या इतिहासाच्या भाषांतरात कर्नल ब्रिग्जने लिहिले की हिंदुस्थानात मांडवगडाइतके वाघ क्वचितच कुठे असतील, आणि रांगेत चाललेले घोडेस्वारसुद्धा ते उचलून नेतात. मात्र त्यानेच हेही सांगितले आहे की त्या भागातले युरोपीय इथे येत ते वाघ मारायलाच. वाघासाठी आलेल्याच्या वर्णनात वाघ असणारच.

पण ती वाघीण खोलीत शिरली कधी? नालछा काही सुलतानांबरोबर संपलेले गाव नाही, आणि त्यांच्याबरोबर सुरू झालेलेही नाही. तेराव्या शतकात परमारांच्या राज्यात याच गावी, तेव्हाच्या नलकच्छपुरात, पंडित आशाधर हा जैन ग्रंथकार राहत होता आणि त्याचे महत्त्वाचे ग्रंथ इथेच लिहून झाले. १५३५ मध्ये हुमायूनने मांडवगडाला वेढा दिला तेव्हा त्याचा तळ नालछ्याला होता. अठराव्या शतकात हा मुलूख धारच्या पवारांकडे आला. नालछ्याचे महाल वाघिणीला मोकळे मिळाले ते बहुधा त्यानंतर, पेंढाऱ्यांच्या आणि शिंदे-होळकरांच्या धुमाकुळात. माळव्यातली माणसे त्या दिवसांना ‘गर्दी का वक्त’ म्हणत, ही नोंद खुद्द माल्कमचीच. जानेवारी १८१९ मध्ये धारचा इंग्रजांशी तह झाला, तेव्हा पवारांच्या हाती धार शहर आणि पस्तीसेक हजार रुपयांचे उत्पन्न एवढेच उरले होते. एवढा नागवला गेलेला मुलूख रिकामा दिसला तर नवल नाही. तो रिकामेपणा बहुतेक एका पिढीचा होता. वाचकाने तो तीन शतकांचा मानला.

गडही या काळात अगदीच निर्मनुष्य नव्हता. धारचे राजे आनंदराव पवार यांच्या मृत्यूनंतर त्यांची राणी मैनाबाई घरातल्या कारस्थानांपासून जीव वाचवत मांडवगडाच्या आश्रयाला गेल्या, आणि धारचा वारस रामचंद्रराव तिथेच जन्मला. हे माल्कम येण्याआधी जेमतेम दहा-बारा वर्षांचे. हे मूल लवकर गेले आणि बाईंनी दत्तक घेऊन राज्य टिकवले. रोच्या कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मैनाबाईंच्या बाळंतपणाची मराठी वाचकांनाही फारशी ठाऊक नसते, आणि याला फक्त इंग्रजांना दोष देता येणार नाही. रेवाकुंडावर टेकणारे नर्मदेचे परकम्मावासी, नीळकंठाच्या महालातली शंकराची पूजा, दरीतल्या भिल्ल-भिलालांच्या वस्त्या, हेही सारे ‘निर्जन’ या शब्दाखाली झाकले गेले.

आणि ज्या रानाने शहर गिळले म्हणतात, ते रानही एकदा नीट पाहायला हवे. मांडवगडाचे सर्वांत ‘रानटी’ दिसणारे झाड म्हणजे गोरखचिंच, तिथल्या बोलीत खुरासानी इमली. हत्तीच्या पायासारखे बुंधे आणि मखमली लव असलेली, दुधीसारखी लोंबणारी फळे. बाजारात ही फळे फोडून आतला पांढरा, आंबट, पिठूळ गर विकतात. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. माणसाने आणल्याशिवाय ते विंध्याच्या माथ्यावर येत नाही. उतारांवर माजलेले सीताफळ तर अमेरिकेतून आलेले, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी इथे असणे शक्यच नाही. रानाचा काही भाग असा बागांचा उरलासुरला वंशज आहे. १८६० साली क्लॉडियस हॅरिसच्या रेखाटनांवरून काढलेली मांडवगडाची रंगीत शिळाछापे प्रसिद्ध झाली, त्यांत वेलींनी वेढलेले घुमट मोठे देखणे दिसतात. पण वेल कुणी लावली हे चित्र सांगत नाही.

असे इतरत्रही घडले आहे. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले, ते अस्पर्श निसर्ग म्हणून. पाचच वर्षांनी ते पाहायला गेलेल्या पर्यटकांची गाठ सैन्याला चुकवत निघालेल्या नेझ पर्स या तिथल्या मूळ रहिवासी लोकांशी पडली आणि काहींना त्यांनी पकडले. त्यांतल्या एमा कोवन या बाईंनी पुढे ती हकिकत लिहिली. निर्जन म्हणवल्या गेलेल्या जागेतून माणसांच्या वाटा जात होत्या, हे त्या पाहुण्यांच्याच लेखणीने नोंदवले. म्हणूनच अशी वर्णने पूर्वग्रहाची म्हणून टाकून द्यावीत, हा दुसऱ्या टोकाचा सल्लाही पटत नाही. पाण्याची चार ओझी, शिकारीची परवानगी, महाल साफ करण्याची खटपट हे तपशील लेखकाने काही सिद्ध करण्यासाठी लिहिलेले नसतात, म्हणून ते सर्वांत भरवशाचे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर धार दरबार आणि इंग्रज अधिकारी कॅप्टन बार्न्स यांच्या पुढाकाराने गडावरची झाडी तोडून इमारती मोकळ्या करायचे काम सुरू झाले, १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन पाहून गेला, आणि पाहुण्यांची लेखणी हळूहळू वळली. १९२६ मध्ये सुलतान बाजबहादुर आणि रूपमती यांच्या प्रेमाच्या फारसी कथेचे क्रम्पकृत इंग्रजी भाषांतर आले, १९२९ मध्ये गुलाम यझदानींचे मांडवगडावरचे पुस्तक. वाघाची जागा प्रेमकथेने घेतली. तेव्हापासून संध्याकाळ झाली की पाहुणे रूपमतीच्या मंडपाकडे निघतात. ती इमारत मुळात दक्षिणेकडची टेहळणीची चौकी होती. तिच्या गच्चीवरून निमाडाचे सपाट मैदान आणि खालून चढून येणाऱ्या वाटा दिसतात.