गाडीचा काटा का थांबला?

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत एके काळी जिकडे तिकडे काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सी दिसत. ही मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईत ती टॅक्सी म्हणून बंद झाली. तरीही काही हौशी लोकांनी आपली जुनी पद्मिनी जपून ठेवली आहे.

अशीच एक पद्मिनी लालबागच्या एका गॅरेजमध्ये आली. गाडी चांगली चालत होती. पण वेग दाखवणारा काटा शून्यावरून हलत नव्हता. मालक म्हणाले, “उस्ताद, नवीन मीटर बसवा.”

उस्ताद म्हणाले, “थांबा साहेब, आधी दोष कुठे आहे ते पाहू.”

जुन्या गाडीतील हे मीटर विजेच्या तारेवर चालत नाही. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक लांब नळी असते. तिच्या आत पोलादी तार असते. गाडी धावू लागली की ही तार गोल फिरते आणि मीटरमधील चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक वाटीला चिकटत नाही. पण तो फिरला की वाटीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. म्हणून वेगाच्या प्रमाणात काटा पुढे सरकतो. जर्मनीतील ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली अशा वेगमापकाचे पेटंट घेतले.

उस्तादांनी विचारले, “किलोमीटरचे आकडे फिरतात का?”

“नाही, तेही बंद आहेत.”

आकडे आणि काटा एकाच तारेवर चालतात. आकडे फिरत असते आणि फक्त काटा बंद असता, तर दोष मीटरमध्ये असता. येथे दोन्ही बंद होते. म्हणजे मीटरपर्यंत गतीच पोहोचत नव्हती. उस्तादांनी मीटरमागचा नट सोडवून तार ओढली. ती अर्धीच बाहेर आली! तार मध्येच तुटली होती.

त्यांनी नवी तार घातली. तिच्या खालच्या भागाला थोडे ग्रीस लावले, वरचे टोक मात्र कोरडे ठेवले. वर ग्रीस लावले तर ते मीटरमध्ये शिरते आणि काटा अडकतो. नळीला कोठेही तीव्र वाक येऊ दिला नाही. वाक आला की काटा थरथरतो.

काटा बरोबर आहे की नाही, हे पाहणेही सोपे आहे. ताशी ४० किलोमीटर या स्थिर वेगाने एक किलोमीटर जायला ९० सेकंद लागतात.

काही चालक बंद काट्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु रात्री मोकळ्या रस्त्यावर आपला वेग किती आहे, हे नुसत्या अंदाजाने कळत नाही. काही लोक तर ही तार मुद्दाम काढून ठेवतात. मग किलोमीटर वाढत नाहीत आणि गाडी विकत घेणारा फसतो.

मालकांचा नव्या मीटरचा खर्च वाचला. उस्ताद हाताखालच्या मुलाला म्हणाले, “बेटा, पाना नंतर उचल. आधी नीट विचार.”