बॅलेची मागची रांग

बॅले म्हणजे शब्दांवांचून, वाद्यसंगीत व हावभाव ह्यांच्या योगें बहुधा एखादी कथा सांगणारें युरोपीय नृत्य होय. पॅरिसची ऑपेरा नृत्यशाळा इ. स. १७१३ पासून चालत आली असून तेथील बालविद्यार्थ्यांस लोक कौतुकानें 'छोटे उंदीर' म्हणतात. ह्या मुलांचे आईबाप ऑपेराच्या नृत्यमंडळीचे खेळ आवडीनें पाहतात. परंतु दृष्टि खिळते ती 'एत्वाल', म्हणजे 'तारा', ह्या सर्वोच्च पदावरील नर्तकांवर.

आम्हां शिक्षकांस वाटतें, त्यांनीं मागची रांग पाहावी. मंडळींत नर्तक सुमारें दीडशें, पायऱ्या पांच. नव्यानें निवडलेला तरुण सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहतो, आणि शिखर थोड्यांसच लाभतें. 'स्वान लेक' ह्या खेळांत नायिका नाचत असतां हंसींच्या रांगा बराच वेळ निश्चल उभ्या असतात. पायांत गोळे आले तरी हालतां येत नाहीं. टाळ्या मात्र नायिकेस!

शिवाय तारा असो वा मागच्या रांगेंतला नर्तक, ४२ व्या वर्षीं निवृत्ति ठरलेली. १९८७ पासून ही शाळा नांतेर येथें आहे. तेथें सकाळीं शालेय विषय व दुपारीं नृत्य शिकवितात. त्या सकाळच्या तासांत आपलें मूल कोठवर आलें, हेंही आईबापांनीं विचारीत जावें.