संदर्भ-अखंडता आणि व्यवहार : साहित्यसूचीच्या डेटाबेसमधील एक प्रश्न

गुणाढ्याची पैशाची भाषेतील ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. तिचा परिचय होतो तो क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’, सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ आणि बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ या पुनर्कथनांतून. अशा परंपरेची संगणकीय सूची करताना हरवलेल्या मूळ कृतीची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो संहिताभ्यासाशी निगडित आहे.

ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानानुसार माहिती कोष्टकांत विभागली जाते. ‘कृती’ या कोष्टकात प्रत्येक कृतीला स्वतंत्र क्रमांक असतो. ‘पुनर्कथने’ या कोष्टकातील प्रत्येक नोंद तो क्रमांक बाळगते. या दुसऱ्या स्थानाला ‘फॉरिन की’ म्हणतात. तेथे लिहिलेला क्रमांक पहिल्या कोष्टकात असलाच पाहिजे, हा संदर्भ-अखंडतेचा नियम होय. नियमाला नोंद हवी असते, संहिता नव्हे. म्हणून ‘बृहत्कथे’ची नोंद ‘अनुपलब्ध’ अशा शेऱ्यासह करता येते.

ही नोंद निरर्थक समजून कोणी पुसू लागला, तर काय घडावे हे आधीच ठरवावे लागते. ‘रिस्ट्रिक्ट’ पुसण्यास नकार देते. ‘सेट नल’ पुनर्कथनांतील क्रमांकाची जागा रिकामी करते. ‘कॅस्केड’ मात्र मुळाबरोबर तिन्ही पुनर्कथनांच्या नोंदीही नष्ट करते. नियम तिन्ही पर्यायांत पाळला जातो. परंपरेचा दुवा टिकतो तो केवळ पहिल्यात.

अनेक बदल एकसंध मानून ते सर्व स्वीकारणे किंवा सर्व रद्द करणे, याला व्यवहार अर्थात ट्रान्झॅक्शन म्हणतात. नियमाची तपासणी सामान्यतः प्रत्येक आज्ञेबरोबर होते. परंतु प्रत्येक कृतीने आपली आधारभूत आवृत्ती सांगावी आणि प्रत्येक आवृत्तीने आपली कृती, अशी दुहेरी अट असेल, तर दोहोंपैकी कोणतीच नोंद प्रथम करता येत नाही. एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणकाने अशी तपासणी व्यवहाराच्या अंतापर्यंत, म्हणजे ‘कमिट’पर्यंत, लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. मधल्या काळातील विसंगती खपवून घेतली जाते. अखेरीस एकही संदर्भ अधांतरी राहिला, तर संपूर्ण व्यवहार मागे घेतला जातो. पोस्टग्रेएसक्यूएल व ओरॅकल यांत ही सोय आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ती नाही. तेथे एक जागा आधी रिकामी ठेवून नंतर भरावी लागते.

दोन संपादक एकाच वेळी काम करीत असतील, तर पेच वाढतो. एक जण ‘बृहत्कथे’चे नवे पुनर्कथन नोंदवीत असताना दुसरा मूळ नोंद पुसू पाहतो. पहिल्याची नोंद अद्याप कायम न झाल्याने ती दुसऱ्याला दिसत नाही. अशा वेळी पोस्टग्रेएसक्यूएल मूळ नोंदीवर कुलूप लावते. पुसण्याची आज्ञा थांबून राहते आणि पहिला व्यवहार पूर्ण झाल्यावर ‘रिस्ट्रिक्ट’ नियमानुसार नाकारली जाते. एसक्यूलाइटमध्ये मात्र, पूर्वकालीन प्रणालींशी सुसंगती राखण्यासाठी, फॉरिन कीची तपासणी सहसा बंद असते. ती प्रत्येक जोडणीत चालू करावी लागते. हे न जाणणाऱ्या सूचीकाराच्या संग्रहात पोरक्या नोंदी निमूटपणे साचत जातात.

अर्थात, संदर्भ अस्तित्वात आहे एवढीच हमी यंत्रणा देते. ‘कथासरित्सागर’ मुळाशी कितपत प्रामाणिक आहे, हा निर्णय अभ्यासकाचाच राहतो.