शाळेच्या कपाटाची खतावणी

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या रेल्वे स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोताळा हे तालुक्याचे गाव लागते. नळगंगेच्या धरणाचा, काळ्या जमिनीचा, कापूस, मका आणि सोयाबीन पिकविणारा हा मुलूख आहे. येथील शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या घरी जन्मलेल्या मुलाची पाठ्यपुस्तकाबाहेरच्या ग्रंथाशी पहिली गाठ जर कोठे पडायची असेल, तर ती बहुधा शाळेतच पडणार. कारण ग्रंथ विकत घेऊन वाचण्याचा प्रघात ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, अशी घरे कोणत्याही तालुक्यात मोजकीच असावयाची. शहरातील सुखवस्तू घरच्या मुलाला शालेय ग्रंथालय म्हणजे एक पुरवणी असते. मोताळ्याच्या मुलाला मात्र ते मूळ भांडवल आहे.

हे भांडवल पुरविण्याची तजवीज कायद्याने केलेली आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत, प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचे ग्रंथ असावेत, अशी अट आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांसाठी, शाळेच्या पायरीनुसार, वार्षिक ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंतच्या ग्रंथालय-अनुदानाची तरतूद करण्यात आली. तेव्हा ग्रंथ शाळेत येतच नाहीत असे म्हणता येणार नाही. परंतु शाळेत आलेला ग्रंथ आणि ज्याला तो हवा आहे तो विद्यार्थी, या दोघांमध्ये जे अंतर उरते, ते पैशाने तुटत नाही. ते व्यवस्थेने तुटते, आणि या व्यवस्थेकडेच आपले लक्ष सर्वांत कमी असते.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरात जो व्यवहार होई, तो ज्या क्रमाने होई त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरे. आणि मग तेथून एकेका असामीच्या नावे वेगळा काढून खतावणीत चढविला जाई. रोजकीर्द पाहून आज काय घडले ते कळे. परंतु अमक्याकडे आपले येणे किती, या प्रश्नाचे उत्तर खतावणीवाचून मिळत नसे. ग्रंथालयाच्याही नेमक्या याच दोन वह्या आहेत. पहिली दाखल नोंदवही. ग्रंथ शाळेत आला की त्याला पुढचा अनुक्रमांक द्यावयाचा, आणि त्या क्रमांकापुढे तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता व पावतीचा क्रमांक लिहून शेवटचा रकाना शेऱ्यासाठी मोकळा ठेवावयाचा. दुसरी वही म्हणजे ग्रंथसूची, जिला ग्रंथालयशास्त्रात तालिका असे म्हणतात. तीत तोच ग्रंथ लेखकाच्या नावाने, स्वतःच्या नावाने आणि विषयाच्या नावाने, असा तीन ठिकाणी सापडला पाहिजे. मूल ग्रंथालयात येते तेव्हा त्याला ग्रंथाचा दाखल क्रमांक ठाऊक नसतो. बाईंनी सांगितलेले लेखकाचे आडनाव, मित्राने सांगितलेले गोष्टीचे नाव किंवा ‘सापांवरचे काहीतरी’ एवढाच धागा त्याच्या हाती असतो, आणि त्यांपैकी कोणत्याही एका धाग्याने त्याला ग्रंथापर्यंत पोहोचता यावे, एवढ्याचसाठी या तीन नोंदी असतात.

आपल्या बहुसंख्य शाळांतून पहिली वही असते, दुसरी नसते. आणि हे आळसाने घडते असे समजणे अन्यायाचे होईल. ग्रंथपालाचे पद मंजूर व्हावे इतकी पटसंख्या ज्या शाळेत नसते, तेथे ग्रंथालयाचा कार्यभार आधीच कामाने वाकलेल्या एखाद्या शिक्षकाच्या माथी येतो. दाखल नोंदवही हिशेबतपासनिसासमोर ठेवावी लागते, म्हणून ती निगुतीने भरली जाते. तालिका मागणारा अधिकारी कोणी नसतो, म्हणून ती राहून जाते. त्यातच हरवलेल्या ग्रंथाची किंमत आपल्याकडून वसूल होईल ही धास्ती असली, म्हणजे कपाटाला कुलूप लागते, आणि मुलांसाठी घेतलेला ग्रंथ मुलांपासूनच सुरक्षित ठेवला जातो. दाखल नोंदवही ग्रंथाचे रक्षण करते, तालिका त्याला बाहेर पाठविते. ज्या संस्थेत केवळ रक्षणाचीच वही आहे, ती कोठार होईल, ग्रंथालय होणार नाही.

तालिका करावयाची तर आधी वर्गीकरण हवे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती आज जगभर रूढ आहे. तिच्यात समग्र ज्ञानाचे दहा वर्ग कल्पिलेले आहेत: ००० सामान्य ग्रंथ, १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रे, ४०० भाषा, ५०० शुद्ध विज्ञान, ६०० उपयोजित विज्ञान, ७०० कला व क्रीडा, ८०० साहित्य आणि ९०० इतिहास व भूगोल. प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा, आणि पुढे दशांश चिन्ह देऊन हवे तितके सूक्ष्म विभाग पाडता येतात. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कादंबरी व कथा. शेती ६३० मध्ये येते आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये. येथे मुलांना एक गोष्ट प्रारंभीच शिकवावी लागते, ती अशी की हे अंक दशांश अपूर्णांकांप्रमाणे वाचावयाचे असतात, ५९५.१६ हा अंक ५९५.७ च्या आधी येतो, कारण सोळा सातांहून मोठे असले तरी दशांशस्थळी एक हा सातांहून लहान असतो. जो विद्यार्थी फडताळासमोर उभा राहून हे एकदा समजून घेतो, त्याला गणिताच्या तासाला तो धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

ड्यूईची पद्धती सोयीची खरी, परंतु ती ज्या समाजात जन्मली त्याच्या चष्म्यातून जगाकडे पाहते. धर्माच्या वर्गातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापलेली असून हिंदू धर्माच्या वाट्याला २९४.५ हा एक कोपरा आला आहे. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच साहित्यांना प्रशस्त दालने मिळाली, तर मराठी साहित्याला ‘इतर भाषां’च्या दालनात दशांश चिन्हापलीकडे जागा शोधावी लागली. ही उणीव ज्याने मुळापासून ओळखली, तो मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचा अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. शियाळी रामामृत रंगनाथन हे त्याचे नाव. त्यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली; पण सामान्य शाळेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९३१ साली त्यांनी मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम होत. ग्रंथ उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ लाभावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक लाभावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. यांतला पहिलाच नियम कुलूपबंद कपाटाला लावून पाहिला, तर पुढच्या चारांची वेळच येत नाही.

त्याआधीही, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला पाचारण करून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले होते, आणि पेट्यांतून खेडोपाडी ग्रंथ पाठविण्याची फिरती व्यवस्था तेथे उभी राहिली. ग्रंथ योग्य हाती पडावा यासाठी आधी तो योग्य जागी असावा लागतो, हे त्या कर्त्या राजाने शतकापूर्वीच जाणले होते.

वर्गीकरणाचे खरे मर्म नियमांपेक्षा उदाहरणांत अधिक कळते, आणि उदाहरणांसाठी बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. लोणार सरोवराविषयीचे पुस्तक घ्या. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले ते विवर म्हणून हे पुस्तक भूशास्त्रात, ५५० मध्ये, जावे. काठावरच्या मंदिरांच्या शिल्पाचा विचार केला तर वास्तुकलेत, ७२० च्या पुढे. आणि सहलीची माहितीच प्रधान असेल तर प्रवासवर्णनात, ९१५.४ मध्ये. ग्रंथ एकाच जागी राहू शकतो, म्हणून ज्या विषयाला त्यात अधिक पाने आहेत तेथे तो ठेवावा, आणि उरलेल्या विषयांखाली तालिकेत त्याच्या नोंदी कराव्यात. सिंदखेडराजा येथे जन्मलेल्या जिजाऊंचे चरित्र चरित्रांत ठेवावयाचे की मराठ्यांच्या इतिहासात, हाही प्रश्न असाच सुटतो. केवळ मुखपृष्ठ पाहून निकाल देणारा मात्र फसल्याशिवाय राहात नाही. मलकापूर येथे १८७२ साली जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते यांनी ‘बी’ या नावाने काव्यलेखन केले आणि त्यांच्या संग्रहाचे नाव ‘फुलांची ओंजळ’ असे आहे. घाईच्या वर्गीकरणकर्त्याने हा ग्रंथ वनस्पतिशास्त्रात लावला, तर ‘बी’ आणि ‘फुले’ असा दुहेरी पुरावा त्याच्या बाजूने असेल. म्हणून मुखपृष्ठानंतर अनुक्रमणिका आणि प्रस्तावना चाळल्याशिवाय कोणत्याही ग्रंथावर वर्गांक घालू नये.

याच कवीच्या निमित्ताने नावांचा प्रश्न येतो. विद्यार्थी ‘बी’ शोधणार, की गुप्ते? ‘कुसुमाग्रज’ शोधणार, की शिरवाडकर? यावर उपाय असा की जे नाव ग्रंथावर छापलेले व लोकांत रूढ आहे, त्याखाली मुख्य नोंद करावी आणि दुसऱ्या नावाखाली ‘पाहा’ असा हवाला द्यावा. आधुनिक लेखक आडनावाने घ्यावेत. ज्ञानेश्वर, चोखामेळा, तुकाराम या संतांना मात्र त्यांच्या नावानेच शोधले जाते. वर्णानुक्रमाची अडचण याहून सूक्ष्म आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या पुढे येतो आणि क्ष व ज्ञ अगदी शेवटी. परंतु संगणक क्ष ला क आणि ष यांचे जोडाक्षर समजून क मध्ये ढकलतो. दोन्ही रीती चालतील. पण एकाच शाळेत दोन्ही चालू नयेत. जो क्रम एकदा ठरला, तो तालिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी व्यवस्थेची बदली होत नाही.

लहान शाळेने मोठ्या ग्रंथालयाचे अनुकरण करण्याचे कारण नाही. काही शे ग्रंथांच्या संग्रहाला वर्गांकाचे पहिले तीन अंक पुरेसे होतात. त्यांखाली लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे लिहून ती चिठ्ठी ग्रंथाच्या पाठीवर तळाशी, सर्वांवर सारख्याच उंचीला चिकटवावी. गोष्टींची पुस्तके वेगळी काढून इयत्तेपेक्षा वाचनाच्या पायरीप्रमाणे लावावीत, आणि ज्यांना अजून अंक नीट येत नाहीत अशा लहानग्यांसाठी प्रत्येक पायरीला रंगीत पट्टी द्यावी. ‘श्यामची आई’ची नोंद साने या आडनावाखाली तर असावीच, पण बहुतेक मुले ते पुस्तक श या अक्षराखाली शोधतील हे जाणून ग्रंथनामाची नोंद कधीही टाळू नये. बालभारतीच्या ‘किशोर’चे अंक वर्षवार बांधावेत. शब्दकोश आणि विश्वकोशाचे खंड घरी देऊ नयेत; ते मेजावर, उघड्यावर असावेत. आणि एक कप्पा जिल्ह्याचा म्हणून राखून त्यात बी आणि मेहकरचे ना. घ. देशपांडे यांच्या कवितेपासून पाणलोटाच्या व पीकपद्धतीच्या पुस्तिकांपर्यंत, आपल्या मुलखाविषयी जे मिळेल ते ठेवावे.

तालिकेसाठी साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची जाड कागदाची पत्रे ही परंपरागत रीत. आज ती संगणकावरही होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली आणि न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० साली प्रथम वापरात आलेली ‘कोहा’ ही निःशुल्क प्रणाली, या दोन्ही याच कामासाठी आहेत. जेथे त्यांची सोय नाही, तेथे साधा तक्ताही चालतो. मात्र हातांनी केलेल्या वर्गीकरणात जो गोंधळ असेल, तो संगणक अधिक वेगाने परत देईल इतकेच.

वर्षाअखेर ग्रंथपडताळणी करून कपाट भिंतीपासून वीतभर दूर सरकवावे, कसर आणि वाळवी पाहावी, आणि जे ग्रंथ फाटले किंवा कालबाह्य झाले त्यांचे रीतसर निर्लेखन करावे. निर्लेखनाला भिऊन जुनी मार्गदर्शिका आणि रद्द झालेल्या अभ्यासक्रमाची पुस्तके सांभाळणारे कपाट बाहेरून भरलेले दिसते, पण त्यात चांगला ग्रंथ दडून जातो.

हे सारे काम एका शिक्षकाने एकट्याने करावे अशी अपेक्षा धरणे निर्दयपणाचे आहे, आणि त्याची गरजही नाही. आठवी-नववीची दहा मुले हाताशी घेतली, तर चिठ्ठ्या लिहिणे, पत्रे लावणे, देवघेवीची नोंद ठेवणे ही कामे ती आनंदाने करतात. आणि ज्याने स्वतः ग्रंथ लावला आहे तो तो सहसा हरवू देत नाही. मोताळ्यातून शिकून पुणे-मुंबईस गेलेल्या आणि शाळेचे ऋण फेडू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की नवे कपाट आणि नवी पुस्तके देणगी म्हणून पाठविण्यापूर्वी एका सुटीत चार दिवस शाळेत बसून जुन्या कपाटाची तालिका करून द्यावी. शाळेजवळ कोणते ग्रंथ आधीच आहेत, हे बहुधा त्यानंतरच कळेल.