चाटी गल्लीतील दुकान आणि माझ्या अहवालातील शून्य

मराठीत ‘चाटी’ म्हणजे कापडाचा व्यापारी. बोलण्यातून हा शब्द कधीच गेला. परंतु सोलापुरात एका गल्लीच्या नावात तो अजून तग धरून आहे. चाटी गल्ली, सराफ कट्टा, कुंभार वेस, बाळीवेस ही नावे ओळीने उच्चारली की जुन्या गावचा व्यापार समोर उभा राहतो. वेशी गेल्या, नावे राहिली.

१८६० साली रेल्वे सोलापुरास पोहोचली आणि कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची गिरणी सुरू झाली. लोक तिला पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. मागोमाग लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग खडखडू लागले. या सर्वांना सूत, धान्य, उधारी आणि भांडवल पुरविणारी दुकाने पेठांत थाटली गेली. आपल्या समाजातील शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे घराणे सावकारी व कापसाच्या व्यापारातील. ‘जैन बोधक’ सुरू करणारे हेच हिराचंदशेठ, आणि १८८२ साली याच गावी जन्मलेले वालचंद त्यांचे चिरंजीव. वालचंदांनी घरचा धंदा सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्यासह रेल्वेची कंत्राटे घेतली आणि पुढे जहाज व विमानापर्यंत मजल मारली, हे सर्वश्रुत आहे.

मला मात्र दुकानांविषयी लिहावयाचे आहे. जुन्या पेठेतील दुकान रस्त्याकडून अरुंद आणि आत खोल असे. दर्शनी बाजूस एकेक सरकवून बसविण्याच्या लाकडी फळ्या. आत गादी, तक्क्या, उतरता गल्ला. मागे कोठार, वर माडी आणि तिच्यावर मातीचे माळवद. जाड भिंती व माळवद यांमुळे सोलापूरचा उन्हाळा आत शिरावयास कचरत असे. घर आणि धंदा यांत एका उंबऱ्याचे अंतर. दुपारच्या ताटाची हाक गादीवर ऐकू येई.

या गादीवरून पत चाले. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मोजावे लागत. मुदती हुंडीस मुदत असे. हुंडी गहाळ झाल्यास पैठ आणि पैठही हरविल्यास परपैठ लिहून देत. पैसे चुकते झालेल्या हुंडीस खोखा म्हणत. बँकेत दाखल झाल्यावर आम्ही जे नियम पाठ केले, त्यांतील पुष्कळसे या मुनिमांना आमच्या आधीपासून ठाऊक होते. (एम.कॉम.ला हे कोणी शिकविले नव्हते, ही तक्रार आजही आहे.)

आता कबुली देतो. कर्जाच्या तारणासाठी अशा इमारतींचे मूल्यांकन अहवाल माझ्या टेबलावरून जात. जमिनीचा भाव लावावयाचा आणि इमारतीचे वय पाहून घसारा काढावयाचा. शंभरी गाठलेल्या सागवानी वास्तूपुढे बहुधा शून्य किंवा नाममात्र रक्कम येई, आणि मी सही करी. नियमाप्रमाणे ते चुकीचे नव्हते. पण त्या शून्यानेच मालकाच्या मनात इमारत म्हणजे जमिनीवरील अडगळ, ही समजूत पक्की केली.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानेही हातभार लावला. भाडे गोठले. नगण्य भाड्यात मालक माळवदाची माती तरी कशी बदलणार? १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. तोवर वासे वाकले होते. अप्पासाहेब वारद यांचे ‘इंद्रभुवन’ महापालिकेचे झाले म्हणून उभे राहिले. गल्लीतील साध्या दुकानास असा वाली कोठला?

गतवर्षी चाटी गल्लीतील एका परिचित कुटुंबाने मला बोलाविले. तिघे भाऊ, वडिलोपार्जित दुकान. धाकटा म्हणाला, “काका, पाडून तीन मजली बांधू, प्रत्येकाला गाळा.” थोरले गप्प होते. मधल्याने माळ्यावरून लाल कापडात बांधलेल्या वह्या काढल्या. रद्दीवाल्यास बोलावणे गेले होते. वरच्याच वहीत वीरनिर्वाण संवत, खाली ‘शुभ-लाभ’, आणि त्याखाली आजोबांच्या अक्षरात दुष्काळाच्या सालातील विणकरांची थकबाकी. कित्येक नावांपुढे एकच शेरा होता : ‘माफ’.

धाकट्याने ती पाने दोनदा वाचली. मग त्याने विचारले, “पुढची दोन खणे आणि फळ्या तशाच ठेवून मागे बांधता येईल का?” मी हिशोब मांडून दिला. गाळ्यांचे क्षेत्र घटते, उत्पन्न कमी होते, हेही स्पष्ट लिहिले. या खेपेस इमारतीच्या रकान्यात मी शून्य घातले नाही. रकाना मोकळाच ठेवला.

वह्या रद्दीत गेल्या नाहीत. दिवाळीचे वहीपूजन जुन्याच गादीवर झाले. नकाशावर मात्र थोरल्यांची सही अद्याप व्हावयाची आहे.