काटा पडला म्हणजे मीटर गेला?

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या किनारपट्टीवर जुनी जीप किंवा जुनी मोटार सांभाळणाऱ्याला डॅशबोर्डवरचा एखादा काटा कधी ना कधी दगा देतोच. टाकी भरून आणली तरी पेट्रोलचा काटा तळाला, नाहीतर टेम्परेचरचा काटा दिवसभर एकाच जागी. मग समजूत अशी की मीटर गेला, नवा आणून बसवला की झाले. ही समजूत खर्चात पाडते, आणि कधी कधी इंजिनच्या जिवावर उठते. काटा फक्त दाखवण्याचे काम करतो. त्याला सांगणारा भाग टाकीत किंवा इंजिनवर असतो, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथे किंवा तिथून येणाऱ्या वाटेवर असतो.

पेट्रोलच्या टाकीत फ्लोट तरंगतो. त्याची दांडी तारेच्या वेटोळ्यावर सरकते, तसा विजेला होणारा रोध कमीजास्त होतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. विजेच्या या वर्तुळाची परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, गॅरेजच्या भाषेत अर्थ. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचा अंश असतो, त्यात कोकणचा पावसाळा. फ्लोट आणि वेटोळे असलेल्या टाकीवरच्या या युनिटचा नट सोडवून पाहिला तर वॉशरखाली तांबूस गंज आणि तांब्याच्या टर्मिनलवर हिरवा कळंक दिसतो. हा थरही रोधच असतो. व्हीडीओ (VDO) पद्धतीच्या संचात रिकाम्या टाकीला सुमारे 10 ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे 180 ओहम असा हिशेब असतो. तिथे गंजाने वीस-तीस ओहमची भर घातली की टाकीत आहे त्याहून जास्त पेट्रोल दिसते. अमेरिकी पद्धतीत हिशेब उलटा आहे, रिकामी 240 आणि भरलेली 33 ओहम. तिथे तोच गंज पेट्रोल कमी दाखवतो. यात मीटरचा काडीचाही दोष नाही.

डॅशच्या भोकात बसला आणि बारा व्होल्टचा असला की कोणताही मीटर चालतो, हा दुसरा गैरसमजही याच आकड्यांनी निकालात निघतो. मीटर आणि टाकीचे युनिट ही जोडी असते. 10 ते 180 च्या युनिटवर 240 ते 33 चा मीटर लावला तर टाकी रिकामी होत जाईल तसा काटा वर चढेल. जोडी जमत नसेल तर मीटरबरोबर युनिटही बदलावे लागते. नवा डिजिटल मीटर घेतला तरी तो वाचतो तेच युनिट आणि तोच अर्थ.

यावर आक्षेप येतो की मीटर बदलल्यावर काटा चालू झाला, म्हणजे दोष त्याच्यातच होता. पण बदलताना मागचे नट सुटतात, टर्मिनल घासली जातात, अर्थ नव्याने घट्ट होतो. गुण या साफसफाईचा असतो आणि नाव नव्या मीटरचे होते. खातरी करायची पद्धत सोपी आहे. इग्निशन बंद ठेवून युनिटवरची वायर काढावी आणि मग इग्निशन चालू करून काटा पाहावा. पुन्हा बंद करून तीच वायर टाकीपासून दूर, चासीच्या स्वच्छ भागाला जोडावी आणि काही सेकंदच चालू करावे. वायर लावताना-काढताना इग्निशन बंदच हवे, पेट्रोलजवळ ठिणगी नको. काटा एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत. पेट्रोल आणि टेम्परेचरचे काटे एकदमच बिघडले असतील तर आधी दोघांना मिळून वीज पुरवणारा स्टॅबिलायझर आणि त्याचा अर्थ तपासावा. जुन्या अनेक गाड्यांत तो बारा व्होल्टचे सरासरी दहाच्या आसपास करतो. असा मीटर थेट बॅटरीला लावून ‘चालतो का’ पाहणे म्हणजे चांगला मीटर जाळणे.

एवढी तपासणी कशाला, काट्यावाचूनही गाडी चालते, असेही म्हणतात. पेट्रोल दांडी बुडवून मोजता येईल, इंजिनचे तापमान नाही. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे आंबा घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर वर जाऊन एकाएकी खाली आला, तर इंजिन थंड झाले असे मुळीच समजू नये. पाणी उकळून किंवा गळून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच खाली येतो. इंजिनचे हेड वाकते ते अशा वेळी गाडी चालवत राहिल्याने. काही जुन्या मीटरांना वायरऐवजी बारीक तांब्याची बंद नळी असते. ती वायरसारखी कापून जोडता येत नाही, आतले द्रव्य निघून गेले की मीटर निकामी होतो.

सर्वांत घातक गैरसमज अँमीटरचा आहे. जुन्या जीपमधला अँमीटर काढून त्याच दोन वायरींवर व्होल्टमीटर लावतात. अँमीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह जातो, व्होल्टमीटरमधून नावापुरता. त्यामुळे अशा जोडणीत दिवे, हॉर्न सगळे मरते. खरी पद्धत म्हणजे त्या दोन जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडून वर चांगले इन्सुलेशन करायचे आणि व्होल्टमीटरला फ्यूजमार्गे इग्निशनचा वेगळा पुरवठा व वेगळा अर्थ द्यायचा. उलट, व्होल्टमीटरच्या जागी अँमीटर लावला तर तो सरळ शॉर्ट होतो आणि वायरिंग पेट घेते. पुष्कळ जुन्या जीपमध्ये अँमीटरची वायर चावी बंद असतानाही जिवंत असते आणि तिच्यावर फ्यूज नसतो. म्हणून मीटरला पाना लावण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढायचे, याला अपवाद नाही.

केबलवरच्या स्पीडोमीटरचे निदान त्यामानाने सरळ आहे. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबले तर केबल किंवा तिचा गिअर पाहावा. आकडे फिरतात आणि काटा पडून आहे, तर दोष मीटरमध्येच आहे आणि तो बदलणे रास्त. फक्त बदलताना जुन्या मीटरवरचे किलोमीटर आणि तारीख गाडीच्या कागदांत लिहून ठेवावी, म्हणजे पुढे गाडी घेणाऱ्याला ती खरी किती चालली ते कळेल.