पहिला पाऊस, चढणीचे मासे आणि आपले ताट

जून उजाडला की आपल्या कोल्हापुरात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. 1 जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद होते आणि रत्नागिरी-मालवणकडून घाट चढून येणारी सुरमई, पापलेट बाजारात कमी दिसू लागतात. त्याच सुमाराला नदीला नवे पाणी येते आणि मासे ओढ्यांत, शेतांच्या चरांत चढू लागतात. 'चढणीचे मासे आले' ही बातमी मोहल्ल्यात पसरायला वेळ लागत नाही. घरातून निघतानाच ताकीद मिळते, 'गाबोळीवाला बघून आणा.' समुद्रातल्या माशाला ऐन विणीच्या दिवसांत सुट्टी मिळते, आणि सगळी मागणी येऊन पडते ती नदीच्या माशावर, त्याच्याही विणीच्या दिवसांतच. याचा विचार आपल्या घरांत फारसा होत नाही.

थंड देशांत सॅमन नावाचा मासा समुद्रातून नदीत वर चढतो. तिथले गळ टाकणारे वसंतात बर्फ किती वितळले, पाणी किती थंड आहे यावर डोळा ठेवतात. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, पण त्या दोघांचे काही नाते नाही.) आपल्या पंचगंगेत बर्फाचा प्रश्न नाही, इथे सगळा कारभार ढगांचा आणि धरणांचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात, आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. वर डोंगरात पाऊस कोसळला की इथे ऊन असले तरी पाणी चढते.

माशाला हे पाणी चढलेले कळते कसे? उन्हाळाभर तापलेले पाणी पावसाने थोडे निवते, गढूळ होते, त्याला ओढ लागते. रोहू, कटला यांच्या मादीच्या पोटात अंडी तयार असतात, पण ती सोडण्यासाठी या खुणा लागतात. संथ तळ्यात हे मासे वाढतात, पण अंडी घालत नाहीत. म्हणूनच पूर्वी मत्स्यबीज पुराच्या नदीतून गाळून आणावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन तळ्याजवळच अंडी घालायला लावली, तेव्हा ही अडचण सुटली. आज तळ्यांतून येणारा रोहू त्या शोधाचे फळ आहे. नदीतल्या रोहूला मात्र अजूनही पूरच लागतो. एका किलोच्या मादीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात आणि अनुकूल पाण्यात ती एका दिवसाच्या आत फुटतात. आपण आवडीने तळतो ती गाबोळी म्हणजे ही अंडी.

मरळीची गोष्ट आणखी वेगळी. तिची पिल्ले तांबूस रंगाची, पुंजक्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि आई-बाप खाली राखण करतात. तो पुंजका पाहून खाली गळ टाकला की मोठी मरळ हमखास लागते. मागे राहिलेल्या पिल्लांना मग कोणीही खाते. चिलापीला यातले काहीच लागत नाही. ती अंडी तोंडात सांभाळते, साचलेल्या, घाण पाण्यातही वाढते, म्हणून स्वस्त मिळते.

आपल्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे घालून पाणी अडवतात, पावसाआधी काढतात. बरगे निघाले की माशांना वर जायची वाट मोकळी होते. ते वेळेवर काढणे माशांसाठीही मोलाचे आहे. एकदा राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की मात्र कोणी नदीत उतरत नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. अशा दिवसांत नदीकाठच्या भोई कुटुंबांची जाळी घरातच टांगलेली राहतात. पूर ओसरू लागला की शेतांत, चरांत अडकलेल्या माशांवर त्यांचे काही दिवस निघतात. थंडीत पाणी निवळते, मासा खोल डोहात बसतो, गळाला कमी लागतो.

उन्हाळा सर्वांत अवघड. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात जयंती नाल्यासारख्या नाल्यांचे सांडपाणी मिसळले की ते कुजताना उरलेलाही संपतो. पहाटे हे प्रमाण सगळ्यात कमी असते, म्हणून सकाळी मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात. वळवाच्या पहिल्या सरीने साठलेली घाण एकदम नदीत येते आणि काठावर मेलेल्या माशांचा खच पडतो. बघणाऱ्याला वाटते, फुकटचे मासे! पण आपोआप मरून उलटा तरंगणारा मासा हनफी मसलकात खाल्ला जात नाही, आणि शाफई मसलकात सवलत असली तरी विषारी पाण्याने मेलेला मासा आरोग्याला घातकच. मसअल्याचा तपशील आपल्या आलिमांना विचारावा. पण तो मासा घरात आणू नये आणि कोंबड्या-मांजरांनाही घालू नये.

मग जूनमध्ये काय खावे? आमच्या मते पहिल्या पावसाचे तीन-चार आठवडे तळ्यातला रोहू, कटला किंवा चिलापी घ्यावी आणि नदीच्या गाबोळीचा हट्ट सोडावा. या माशाला मातकट वास येतो ही घरोघरची तक्रार. तुकडे मीठ-हळद चोळून धुवावेत आणि चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. आंबटाने तो वास बराच जातो. घेताना कल्ले लाल आणि डोळा चकचकीत आहे का ते पाहावे, आणि विक्रेत्याला 'चाचा, तळ्याचा की नदीचा?' असे सरळ विचारावे. नेहमीचे गिऱ्हाईक असले की तो खरे सांगतो.